वर्गात न बोलणाऱ्यांचे गुण



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, विडी कामगारांत तीस वर्षे काढलेला हा गृहस्थ किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी किंवा नव्या कामगार संहिता ह्यांपैकी कशावर तरी बोलेल. मी त्यांना कळविले, 'वर्गातील सहभागाला आणि वर्षभराच्या कामाला द्यावयाचे गुण'. त्यांचा लगोलग फोन आला की, हा विषय चुकून दुसऱ्या कुणा प्राध्यापकांचा तर आमच्याकडे आला नाही ना! चुकून आलेला नाही. मी नववीत शाळा सोडली. पुढे जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले, आणि तेथे सहभागाचे गुण कोणी देत नव्हते. तेव्हा ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारले तर ते रास्तच होईल. माझा अधिकार एवढाच की, एका माणसाच्या कामाची किंमत दुसऱ्याने एकट्याने बसून लिहावी, ती तशी का लिहिली हे सांगू नये, आणि ज्याचे काम त्याने ती मुकाट्याने घ्यावी, ह्या व्यवहाराशी माझा सारा जन्म झगडा झालेला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सोलापुरात आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी एक अक्का आपल्या मुलीला घेऊन आल्या. आमच्याकडे विडी वळणाऱ्या बहुतेक बायका पद्मशाली समाजाच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्यांना आम्ही अक्काच म्हणतो. अक्कांनी एक गुणपत्रक माझ्यापुढे टाकले आणि म्हणाल्या, "अण्णा, बघा. हिची छाट काढली."

आपल्यापैकी ज्यांना विडीच्या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी छाट म्हणजे काय ते सांगतो. बाई दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. पाने कातरावयाची, तंबाखू भरावयाची, दोरा बांधावयाचा. मग तो माल कारखान्यात नेऊन द्यावयाचा. तेथे तपासनीस बसलेला असतो. तो मूठभर विड्या उचलतो, ही सैल, ही वाकडी, हिचे तोंड नीट मिटलेले नाही, असे म्हणून बाजूला टाकतो. ती छाट. छाटीच्या विडीची मजुरी मिळत नाही. बाईने विचारले, "साहेब, हिच्यात काय वाईट आहे?" तर उत्तर येते, "दिसत नाही का?" आणि त्या छाटलेल्या विड्या पुढे कोठे जातात, त्या मोडून टाकतात की कोणाच्या तरी पुड्यात बांधल्या जातात, हे विचारले की दुसऱ्या दिवशी त्या बाईची छाट जास्त निघते.

मी गुणपत्रक पाहिले. वाणिज्य शाखेचे दुसरे वर्ष, सहा विषय, सहाशे गुण. मुलीला मिळाले होते ३५१. एका शिष्यवृत्तीसाठी साठ टक्के, म्हणजे ३६० हवे होते. नऊ गुण कमी पडले. लेखी परीक्षेत मुलगी चांगली होती. अंतर्गत चाचण्यांतही बरी होती. परंतु प्रत्येक विषयाला 'वर्गातील सहभाग' म्हणून पाच गुणांचा एक रकाना होता, आणि त्या सहा रकान्यांत मिळून तीसपैकी आठ गुण पडले होते.

मी मुलीला विचारले, "तू वर्गात बोलत नाहीस काय?"

ती म्हणाली, "काका, घरी आम्ही तेलुगू बोलतो. शाळा मराठीत झाली. कॉलेजात सर इंग्रजीत विचारतात. मला उत्तर येते, पण ते मनात जुळवेपर्यंत पुढच्या बाकावरची मुलगी बोलून खाली बसलेली असते."

तिने पिशवीतून वह्या काढल्या. सात वह्या होत्या. एकही तास चुकलेला नव्हता. मला त्यांतले हिशेबशास्त्र कळत नाही, परंतु शिस्त कळते. सकाळी आईबरोबर पाने कातरून ही मुलगी कॉलेजला जात होती. वर्गातील सहभाग म्हणजे वर्गात मोठ्याने बोलणे, एवढाच अर्थ असेल तर तिचा सहभाग आठ गुणांचा खरा. पण सहभाग म्हणजे शिकण्यात भाग घेणे असेल, तर हे आठ गुण कोणत्या मापाने आले?

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो. त्या कॉलेजचे नाव मी घेणार नाही, कारण माझी तक्रार त्या एका इमारतीविरुद्ध नाही. तेथे एक तरुण प्राध्यापक भेटले. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाला इतके रुपये ह्या करारावर शिकविणारे. आमच्या भाषेत नगावर काम करणारे. मनुष्य सज्जन. मला चहा पाजला आणि दार लोटून घेऊन खरे सांगितले. म्हणाले, "माझ्याकडे तीन वर्ग आहेत, एकेका वर्गात सव्वाशे-दीडशे मुले. मला चाळीस मुलांची नावे ठाऊक आहेत. सत्र संपले की कार्यालयातून कोरा तक्ता येतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भरून द्या म्हणतात. ज्यांची तोंडे आठवतात त्यांना चार-पाच, जी त्रास देतात त्यांना दोन, आणि जी आठवतच नाहीत त्यांना मी एक देतो किंवा दोन देतो. शून्य देण्याचा धीर होत नाही."

"आणि ही मुलगी?" मी वहीवरचे नाव दाखविले.

ते बराच वेळ त्या नावाकडे पाहत राहिले. त्यांना ती आठवली नाही. ह्याचा राग मला आला नाही असे म्हणणे खोटे होईल. पण तो त्या गृहस्थांचा नव्हता. आपल्या तपासनिसालाही वरून आकडा आलेला असतो, आज छाट इतकी निघालीच पाहिजे. त्याच्याशी भांडण्यात आमच्या चळवळीची पहिली काही वर्षे वाया गेली. असो.

आता ह्या गुणांचा इतिहास थोडासा सांगतो, कारण कित्येक लोक माझे एवढे बोलणे ऐकून म्हणतील, "मग काढून टाका ना हे अंतर्गत गुण! तीन तासांचा पेपर, सीलबंद पाकीट, परगावचा परीक्षक. सगळ्यांना एकच माप." मलाही आधी तसेच वाटले होते. परंतु वाचू लागलो तेव्हा दिसले की, ह्या गुणांची कल्पना ज्यांनी काढली ते काही मूर्ख नव्हते. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच, १९४८–४९ साली, डॉ. राधाकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला. विद्यापीठात एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर ती परीक्षेची सुचवू, अशा आशयाचे त्यांचे मत होते, आणि प्रत्येक विषयाचे एक तृतीयांश गुण वर्षभराच्या कामासाठी राखावेत अशी त्यांनी शिफारस केली. पुढे १९५२–५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांसाठी तोच सूर लावला. कारण उघड आहे. वर्षभर केलेले काम मार्चमधल्या एका सकाळवर टांगून ठेवावयाचे, त्या दिवशी मुलीला ताप आला, बस चुकली, घरात मयत झाली, की वर्ष बुडाले! उद्या एखाद्या मालकाने म्हटले की, तुमचा वर्षाचा पगार मी एकतीस मार्चला तुम्ही किती विड्या वळता त्यावर ठरवीन, तर आम्ही त्याच्या दारात बसू. मग मुलांच्या बाबतीत तेच आपण न्याय म्हणून का चालवितो?

तेव्हा वर्षभराचे काम मोजावे, हे तत्त्व बरोबर आहे. मी त्याच्या बाजूचा आहे. भांडण आहे ते मापाचे.

आणि ह्या मापाचे आपल्या राज्यात काय झाले ते आकड्यांनी पाहा. दहावीला शंभरांपैकी वीस गुण शाळेच्या हाती असत. शाळा ते सढळ हाताने देतात अशी ओरड होती. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे ह्या विषयांचे अंतर्गत वीस गुण काढले, तर २०१९ चा निकाल एकदम ७७.१० वर आला. मग दुसरी ओरड झाली. केंद्रीय मंडळाच्या मुलांना शाळेचे गुण मिळतात, आमच्या मुलांना नाहीत, अकरावीच्या प्रवेशात आमची मुले मागे पडतात! ती ओरडही खोटी नव्हती. गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० झाला, त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता हेही ध्यानात घ्यावे. २०२१ साली महामारीमुळे परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला पन्नास, दहावीच्या वर्षातील लेखी कामाला तीस आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला वीस असे गुण शाळांनी दिले, आणि निकाल लागला ९९.९५ टक्के.

ह्या आकड्यांवर हसणे सोपे आहे. पण त्यांचा अर्थ एवढाच की, शाळेने सगळ्यांनाच वीसपैकी अठरा-एकोणीस दिले की त्या गुणांनी काहीच मोजले जात नाही. सगळ्यांना समान बोनस! अशा गुणांनी निदान कोणाची छाट तरी निघत नाही. कॉलेजात मात्र उलट होते. तेथे तो रकाना खरोखरच भरला जातो, आणि तो कोणाला पाहून भरला जातो, हा प्रश्न उरतो.

मुंबई विद्यापीठाने २०११ च्या सुमारास श्रेयांक आणि श्रेणी पद्धत आणली तेव्हा शंभरांपैकी चाळीस गुण कॉलेजच्या हाती दिले होते. वीस चाचणीचे, दहा स्वाध्यायाचे, पाच वर्गातील सक्रिय सहभागाचे, आणि उरलेले पाच जबाबदार विद्यार्थी म्हणून एकंदर वर्तनाचे. त्या वर्तनात बोलण्याचालण्याची रीत आणि नेतृत्वाचे गुण हेही धरलेले होते. ही योजना पुढे पालटली. परंतु मी ती वाचली तेव्हा मला हसू आवरेना. नेतृत्वाचे गुण! वसतिगृहात तीन दिवस पाणी नाही म्हणून ज्या मुलाने दोनशे मुले प्राचार्यांच्या दारात नेली, त्याला ह्या रकान्यात पाचांपैकी किती पडले असतील? मी कामगारांचे पुढारी पुष्कळ पाहिले आहेत, आणि जबाबदार वर्तनाचे प्रमाणपत्र मालकाकडून मिळालेला त्यांत एकही चांगला निघाला नाही.

बोलण्याचालण्याची रीत, ह्या शब्दांपाशी मात्र हसू थांबते. ती रीत घरून येते. ज्याच्या घरी जेवताना वर्तमानपत्रावर वाद होतात, ज्याला लहानपणापासून "तुला काय वाटते?" असे विचारले गेले आहे, तो वर्गात सहज उठून बोलतो. त्यात त्याचा दोष नाही, आणि कर्तबगारीही नाही. ज्या घरी आई सूप मांडीवर घेऊन बसली आहे आणि हजाराचा हिशेब पुरा व्हावयाचा आहे, तेथे बोलणारे मूल म्हणजे कामात अडथळा. "गप बस" हेच तेथले वळण. वर्गातील बोलण्याला गुण देणे म्हणजे कित्येकदा घराला गुण देणे होते. लेखी पेपरातही घर असतेच, मी नाकारीत नाही. पण पेपरावर निदान आसन क्रमांक असतो, चेहरा नसतो.

आणि एक फरक त्याहून मोठा आहे. तो कळला तेव्हा मला ह्या प्रकरणाची किल्ली सापडल्यासारखे झाले. पेपरात गुण कमी पडले तर कागद असतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय मंडळाच्या एका प्रकरणात सांगितले की, माहितीच्या अधिकाराखाली विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. उत्तम झाले. पण वर्गातील सहभागाची उत्तरपत्रिका कोठे आहे? मुलीने अर्ज केला असता तर तिला काय दाखविले असते? एक तक्ता, त्यात तिच्या नावापुढे 'एक'. छाटलेली विडी निदान टेबलावर पडलेली तरी असते. ही छाट अशी की तिचा मालच कोठे नाही.

न्यायालयांपुढे ह्या जातीचे प्रश्न पूर्वीही आले आहेत. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी शंभर गुणांची लेखी परीक्षा आणि पन्नास गुणांची मुलाखत असे. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि मुलांना विचारले काय, तर वडील कोण, राहता कोठे. लेखीत वर असलेली मुले मुलाखतीत खाली गेली आणि खालची वर आली. अजय हासिया नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८० च्या नोव्हेंबरात निकाल झाला की, तोंडी मुलाखतीला पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे आहे. मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, म्हणजे पुढे तपासता येतील, असेही न्यायालयाने सुचविले. लक्षात घ्या, मुलाखत बंद करा असे न्यायालय म्हणाले नाही. तिला मर्यादा घाला आणि तिचा काही पुरावा ठेवा, असे म्हणाले.

दुसरे प्रकरण देवदत्त ह्यांचे, २००८ चे. सीमा रस्त्यांच्या बांधकाम खात्यातले अभियंते. त्यांच्या गोपनीय अहवालात एका वर्षी 'चांगला' असा शेरा पडला. बढतीला लागत होता 'फार चांगला'. 'चांगला' शेरा वाईट नाही म्हणून तो त्यांना कोणी कळविला नाही, आणि बढती मात्र गेली. न्यायालयाने सांगितले की, शेरा वाईट असो, साधारण असो की फार चांगला असो, तो ज्याचा त्याला कळविला पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. सरकारी अभियंत्याला जो न्याय मिळाला तो अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला का नाही?

आमच्या विडीच्या धंद्यात हीच गोष्ट त्याहून जुनी आहे. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमात असे होते की, मालकाने विडी नाकारली आणि तिच्या मजुरीवरून तंटा झाला, तर तो सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे न्यावा. २०२० च्या संहितेने हा कायदा आपल्या पोटात घेतला. ते वेगळे दुःख आहे आणि त्यावर मी दुसऱ्या कोणत्या तरी वसंतात बोलेन. कायद्याने छाट बंद झाली नाही. खरोखर वाकडी विडी असतेच, आणि ती बाजूला काढण्याचा हक्क तपासनिसाला असलाच पाहिजे. कायद्याने एवढेच केले की, "दिसत नाही का?" हे उत्तर पुरेसे राहिले नाही. अक्कांना निरक्षर असूनही हे ठाऊक होते. म्हणूनच त्या मुलीचे गुणपत्रक घेऊन शिक्षणखात्याकडे न जाता माझ्याकडे आल्या.

मी प्राचार्यांना भेटलो. मोर्चा वगैरे काही नेला नाही; तशी सूचना आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी केली होती, ती मी मोडून काढली. मोर्चा नेला असता तर त्या मुलीचे गुण वाढले असते आणि बाकीच्या न बोलणाऱ्या मुलांचे तसेच राहिले असते. मी तीन गोष्टी मागितल्या. सहभाग म्हणजे काय ते सत्राच्या सुरुवातीला फळ्यावर लिहा. महिन्यातून एकदा प्रत्येकाला त्याची नोंद दाखवा. आणि ज्याला ती मान्य नाही त्याच्यासाठी शिकविणाऱ्याखेरीज दुसरा एक माणूस नेमा. प्राचार्य म्हणाले, "दीडशे मुलांच्या मासिक नोंदी तासिकेवरचा माणूस कोणत्या वेळात ठेवील? त्या वेळाचे पैसे मी कोठून देऊ?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. पहिली ते आठवीच्या शाळांत २०१० पासून आकारिक मूल्यमापन आहे. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय, सगळे कागदावर सुंदर आहे. आणि बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका मिळतात, त्यांतून गुरुजी वाक्ये उतरवून घेतात. प्रकल्पांचेही तेच. पूर्वी ते स्टेशनरीच्या दुकानात मिळत, आता संगणकाला सांगितले की तो लिहून देतो. माणसाला वेळ न देता त्याच्याकडून निरीक्षण मागितले की अशाच नोंदी मिळणार. म्हणून मी म्हणतो, जेथे वर्गात दीडशे मुले आहेत आणि शिकविणारा तासावर आहे, तेथे सहभागाचा रकाना ठेवूच नका. ते पाच गुण चाचणीत घाला, वहीला द्या. वही निदान दाखविता येते. माणसे पुरेशी नेमाल त्या दिवशी तो रकाना परत आणा, मी स्वतः त्याच्या बाजूने बोलेन.

त्या तरुण प्राध्यापकांनी मात्र पुढच्या सत्रात आपल्यापुरता एक प्रयोग केला. तासाच्या शेवटी पाच मिनिटे राखून ठेवली आणि प्रत्येक मुलाने चतकोर कागदावर एक प्रश्न किंवा एक शंका लिहून, नाव घालून, टेबलावरच्या डब्यात टाकावी, असे सांगितले. मराठीत लिहा, तेलुगूत विचार करून मराठीत लिहा, इंग्रजी चुकले तरी चालेल. त्यांनी मला तो डबा दाखविला, बिस्किटांचा होता. म्हणाले, पहिल्या आठवड्यात अर्ध्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. महिन्याभराने शंका इतक्या आल्या की पुढचा तास त्यांतच जाऊ लागला, आणि अभ्यासक्रम मागे पडला म्हणून विभागप्रमुखांनी त्यांना बोल लावला. पुढच्या बाकावरच्या काही मुलांच्या चिठ्ठ्या अगदीच पोकळ निघाल्या. बोलण्याची सवय होती, विचारण्याची नव्हती. आमच्या अक्कांच्या मुलीची एक चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती. तिने विचारले होते की, उत्पादनखर्चाच्या हिशेबात वाया गेलेला माल धरतात, तर वाया गेलेल्या मालाची मजुरी कोणत्या खात्यात लिहितात? ह्याचे उत्तर पुस्तकात नाही, असे ते मला म्हणाले. तिला शिष्यवृत्ती मिळाली नाही. ती मुदत निघून गेली होती. पदवी तिने पुरी केली, आणि आज ती एका पतसंस्थेत हिशेब लिहिते.

अध्यक्ष महाराज घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा मी थांबतो. प्रश्नोत्तरांना वीस मिनिटे ठेवली आहेत असे चिटणीसांनी सांगितले आहे. ज्यांना उभे राहून विचारावयाचे आहे त्यांनी विचारावे. ज्यांना ते जड जाते त्यांच्यासाठी मागच्या दाराजवळ कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत; चिठ्ठ्या पुढे पाठवाव्यात. मी आधी त्या घेणार आहे.